किनोआ कडू का लागतो, गिचका का होतो: धुण्यापासून डब्यापर्यंत

किनोआबद्दल तीनच तक्रारी ऐकू येतात. कडवट लागतो, गिचका होतो आणि वरणासोबत घास बांधत नाही. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच, तो तांदूळ समजून शिजवला जातो. दोन पाण्यांतून खळखळून काढायचा, बोटाच्या पेरानं पाणी बघायचं आणि कुकर लावून मोकळं व्हायचं. भाताला हे सगळं चालतं, किनोआला नाही. तिसरी तक्रार मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय आहे, पण तो शिजवण्यात नाही, वाढण्यात आहे. तो सहाव्या टप्प्यात दिला आहे.

मापासाठी २०० मिलीची वाटी धरली आहे. तिच्यात कोरडा किनोआ साधारण १४० ग्रॅम मावतो. शिजून तो जवळजवळ तिप्पट होतो, आणि पोळी-भाजीसोबत तीन-चार माणसांना पुरतो. तुमची वाटी लहान-मोठी असली तरी बिघडत नाही, फक्त धान्याला जी वाटी घ्याल तीच पाण्यालाही घ्या.

टप्पा १: आणताना आणि ठेवताना

सुरुवात पांढऱ्या किनोआनं करा. लाल आणि काळा शिजायला सहा-सात मिनिटं जास्त घेतात आणि शिजल्यावरही दाताखाली कचकचतात. तिरंगी पाकीट दिसायला छान असतं, पण पांढरे दाणे मऊ पडून जातात तोवर काळे कच्चेच राहतात. हात बसेपर्यंत ते घेऊ नका.

किनोआत स्निग्धांश सुमारे सहा टक्के असतो, पांढऱ्या तांदळात एक टक्काही नसतो. त्यामुळे जुना तांदूळ चांगला मानला जातो, पण जुना किनोआ खवट होतो. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा गॅसच्या वरच्या कपाटात ठेवलेलं पाकीट महिनाभरातच वास मारू शकतं. उन्हाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्येच ठेवा. पावसाळ्यात ओलीचा प्रश्न असतो, तेव्हाही जागा तीच. इतवारीच्या किराणा ओळीत किंवा कुठेही सुटा घेणार असाल तर मूठभर हातावर घासून वास घ्या. जुन्या तेलासारखा वास आला तर स्वस्त असला तरी घेऊ नका, कारण खवटपणा धुऊन जात नाही.

तपासून बघा: चार-पाच कोरडे दाणे चावा. जिभेवर लगेच कडवटपणा आला तर धुणं जास्त लागेल. नुसती पिठूळ चव आली तर माल आधीच साफ केलेला आहे. तरी धुणं टाळू नका.

टप्पा २: निवडणं आणि धुणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

आधी ताटात पसरून निवडा. दाण्याएवढेच बारीक खडे असतात आणि ते पाण्यात वेगळे कळत नाहीत.

दाण्याच्या वरच्या थरात सॅपोनिन नावाचा कडू घटक असतो. झाडाला तो पाखरांपासून आणि किडींपासून वाचवतो. पाण्यात तो साबणासारखा फेस धरतो. रिठ्याच्या फळातही सॅपोनिनच असतं, त्यामुळे फेस ओळखीचा वाटेल. बरेच कारखाने हा थर घासून किंवा धुऊन काढतात, पण थोडा उरतोच. तांदळाचं पाणी पांढरं होतं ते पिठामुळे, किनोआच्या पाण्यावर येतो तो फेस सॅपोनिनचा. बघायचं ते फेसाकडे, पाण्याच्या रंगाकडे नाही.

१. मोठ्या गंजात (उभट पातेल्यात) किनोआ घ्या आणि त्याच्या चौपट गार पाणी घाला.

२. दोन्ही तळहातांमध्ये दाणे हलकेच चोळा, अर्धा-एक मिनिट. नुसतं ढवळून थर सुटत नाही.

३. बारीक जाळीच्या गाळणीतून पाणी काढा. मोठ्या भोकांच्या चाळणीतून दाणे निसटतात. मोठी चहाची गाळणी चालते, ती नसेल तर मलमलचं धुतलेलं फडकं. पाणी हातानं अडवून ओतायला गेलात तर पाव वाटी किनोआ मोरीत जाईल.

४. असं चार-पाच पाण्यांतून करा. पाकिटावर धुतलेला असं लिहिलं असेल तर दोन-तीन पाणी पुरतात.

५. गाळणीत पाच मिनिटं निथळू द्या आणि गाळणीच्या बुडाला फडकं टेकवून उरलेलं पाणी टिपा.

तपासून बघा: काचेच्या लहान बाटलीत चमचाभर धुतलेला किनोआ आणि दोन-तीन चमचे पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवा. वर आलेला फेस लगेच विरला तर झालं. बोटभर फेस टिकून राहिला तर आणखी दोन पाणी.

सावध: न धुता भिजत घालू नका. सुटलेलं सॅपोनिन त्याच पाण्यात राहतं आणि दाणे पुन्हा त्याच पाण्यात मुरत बसतात. क्रम असा: धुणं, मग भिजवणं, मग ते पाणी फेकून आणखी एकदा खळबळणं.

टप्पा ३: भिजवायचा की भाजायचा

यातलं एकच करा.

मऊ हवा असेल, घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर वीस मिनिटं भिजवा. त्यापेक्षा जास्त नाही. रात्रभर भिजवलेला किनोआ शिजताना फुटतो, आणि उन्हाळ्यात त्याला मोडही लवकर फुटू लागतात.

मोकळा हवा असेल, म्हणजे फोडणीचा किंवा डब्याचा, तर भाजा. निथळलेला किनोआ जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर घ्या आणि सतत परतत राहा. आधी ओल उडेल, दाणे कढईला चिकटतील, मग हळूहळू सुटे होतील. दाणे तडतडायला लागले आणि भाजलेल्या फल्लीदाण्यांसारखा (शेंगदाण्यांसारखा) वास सुटला की लगेच काढा. रंग तांबूस व्हायची वाट बघितली तर नवा कडवटपणा येतो आणि दोष बिचाऱ्या सॅपोनिनवर जातो.

टप्पा ४: पाणी आणि आच

पेराचं माप इथे चालत नाही. पातेलं रुंद असेल तर पेरभर पाणी धान्याच्या दुप्पट-तिप्पट होतं, आणि किनोआ भातासारखं जास्तीचं पाणी पोटात घेत नाही. भाताची मऊ गुरगुट्या तरी होते, किनोआचा नुसता चिखल होतो.

एका वाटीला पाणी असं घ्या:

भिजवलेला पांढरा असेल तर दीड वाटी. न भिजवलेला किंवा भाजलेला पांढरा, पावणेदोन वाट्या. लाल किंवा काळा, दोन वाट्या.

गंजात किंवा पातेल्यात. जाड बुडाचं भांडं घ्या. पातळ स्टीलच्या भांड्यात तळ करपतो आणि वरचा थर कच्चा राहतो. आधी पाणी उकळा, त्यात पाव चमचा मीठ आणि अर्धा चमचा तेल घाला. तेलामुळे फेस वर येत नाही. उकळत्या पाण्यात किनोआ सोडा, एकदाच हलवा, परत उकळी फुटली की आच अगदी बारीक करा आणि झाकण ठेवा. पांढऱ्याला १२ ते १३ मिनिटं लागतात, लाल-काळ्याला १८ ते २०. मध्ये चमचा घालू नका. ढवळलं की मऊ पडत चाललेले दाणे फुटतात आणि सगळं चिकट होतं. झाकण नीट बसत नसेल तर वाफ निसटते, मग दोन मोठे चमचे पाणी जास्त धरा.

कुकरमध्ये. वरण-भाताच्या डब्यात घालून लावला तर सोपं पडतं. डबा अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. पाणी वरच्या मापापेक्षा पाव वाटीनं कमी घ्या, कारण कुकरात वाफ बाहेर जात नाही. तेल इथेही घाला. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जाऊ द्या. तुरीची डाळ त्याच कुकरात लावायची असेल तर डाळ खाली ठेवा आणि आधी भिजवून घ्या. नाहीतर डाळीसाठी चौथी-पाचवी शिट्टी होईल आणि किनोआचा लगदा.

सावध: डबा न वापरता किनोआ थेट कुकरात शिजवणार असाल तर धान्य आणि पाणी मिळून कुकर एक तृतीयांशापेक्षा जास्त भरता कामा नये. फेस वर चढून शिट्टीच्या भोकात दाणे अडकतात. शिट्टी येत नाही असं दिसलं तर आच वाढवू नका, गॅस बंद करा आणि कुकर पूर्ण गार झाल्यावरच उघडा.

तपासून बघा: शिजलेला दाणा काचेसारखा पारदर्शक दिसतो आणि त्याच्याभोवती पांढरं बारीक कडं सुटलेलं असतं. तो त्याचा अंकुर, शेपटीसारखा दिसतो. दाण्याच्या मधोमध अजून पांढरा ठिपका असेल तर कच्चा आहे. लाल-काळ्यात ठिपका नीट कळत नाही, तिथे चावूनच बघावं लागतं.

टप्पा ५: मुरवणं आणि मोकळा करणं

गॅस बंद केल्यावर झाकण उघडून बघायचा मोह होतो. दहा मिनिटं आवरा. या वेळात तळाची ओल वरपर्यंत चढते. झाकणाखाली कोरडं फडकं ताणून लावलं तर वाफेचं पाणी परत दाण्यांवर ठिबकत नाही. एवढ्या एका गोष्टीनं अर्धा गिचकेपणा जातो.

मग काट्या-चमच्यानं कडेकडेनं वर उचलत मोकळा करा. सराट्यानं (उलथन्यानं) दाबून हलवू नका. फोडणीसाठी किंवा डब्यासाठी हवा असेल तर परातीत पसरून पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा. गरम किनोआ फोडणीत टाकला की त्याची वाफ कढईतच कोंडते आणि पदार्थ ओला होतो.

पातेल्यात थोडं पाणी उरलंच असेल तर घाबरायचं कारण नाही. गाळणीतून काढा, त्याच पातेल्यात परत घाला आणि झाकण न ठेवता मंद आचेवर दोन-तीन मिनिटं सुकवा. कच्चा राहिला तर दोन मोठे चमचे गरम पाणी शिंपडून चार मिनिटं झाकून ठेवा. तळ लागला असेल तर खरवडू नका, वरचा अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. कडू राहिलेल्याला मात्र खरा इलाज नाही. गरम पाण्यानं धुऊन, आंबट कढीत किंवा झणझणीत रश्श्यासोबत एकवेळ खपवता येतो, इतकंच.

टप्पा ६: रोजच्या ताटात

वरणासोबत. किनोआत भातासारखा चिकट पिष्ट नाही. पातळ वरण ओतलं की ते दाण्यांमधून थेट ताटाच्या तळाशी जातं, आणि हातानं कालवणाऱ्या माणसाची चिडचिड होते. दोन उपाय आहेत. एक, वरण घट्ट करा. पिठलं, पाटोडीचा दाट रस्सा, डाळ-भाजी, हे सगळं किनोआवर छान बसतं. दुसरा उपाय जास्त चांगला, आणि घरात पहिल्यांदा किनोआ आणत असाल तर इथूनच सुरुवात करा: दोन भाग तांदूळ, एक भाग किनोआ. दोन्ही वेगवेगळे धुवा, मग एकत्र करून कुकरात लावा. पाणी तांदळाच्या मापानं एका वाटीला दोन वाट्या, किनोआच्या मापानं एका वाटीला सव्वा वाटी. एचएमटी किंवा जय श्रीराम यांसारख्या बारीक तांदळासोबत जमतं. घास बांधतो, पोरं नाक मुरडत नाहीत आणि किनोआ वेगळा जाणवतही नाही.

पोह्यांसारखा फोडणीचा. तीन वाट्या शिजवून पूर्ण गार केलेला किनोआ घ्या. दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, मूठभर फल्लीदाणे, कढीपत्ता, दोन-तीन हिरव्या मिरच्या, मग एक मोठा कांदा. कांद्यातलं पाणी पूर्ण आटलं की हळद आणि मीठ. किनोआ शिजवताना मीठ घातलेलं असतं हे विसरू नका. शेवटी किनोआ घालून मोठ्या आचेवर दोनच मिनिटं परता. पोह्यांवर झाकण ठेवून वाफ आणतो तशी इथे आणायची नाही, कोंडलेल्या वाफेनं तो परत ओला होतो. गॅस बंद करून लिंबू आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. तर्री घेणार असाल तर ती नेहमीपेक्षा दाट ठेवा आणि खातानाच घाला. पोहे तर्री शोषतात, किनोआ तिला खाली सोडून देतो.

वडा-भातात. भाताच्या जागी किनोआ शोभतो असा हा नागपुरी पदार्थ. इथे त्याचा मोकळेपणा कामाला येतो. हिंग, मोहरी आणि लाल मिरचीचं फोडणीचं तेल दाण्यादाण्याला लागतं, वर वडा कुस्करायचा. गोळाभाताला (डाळीच्या पिठाचे गोळे भातातच शिजवतात तो) मात्र किनोआ जमत नाही. गोळे त्याचं मोजकं पाणी ओढून घेतात, मग दाणेही कच्चे आणि गोळेही. करायचाच असेल तर गोळे वेगळे वाफवा आणि वाढताना वर ठेवा.

खिचडी. एक वाटी किनोआ, अर्धी वाटी मुगाची डाळ, साडेचार वाट्या पाणी. डाळ आधी थोडी भाजून घ्या. फोडणीत आलं आणि हळद घालून मध्यम आचेवर तीन शिट्ट्या. उघडल्यावर गरम असतानाच डावानं चांगली घोटा. न घोटता ठेवली तर डाळ खाली आणि किनोआ वर असे दोन थर दिसतात. टोमॅटो घालायचा असेल तर तो फोडणीत पूर्ण शिजू द्या, लिंबू मात्र ताटातच.

दही-किनोआ, उन्हाळ्यासाठी. इथे मोकळा नको, मऊच हवा. पाणी सव्वादोन वाट्या घ्या, गरम असतानाच चमच्यानं ठेचा, कोमट झाल्यावर पाव वाटी दूध आणि पूर्ण गार झाल्यावर दही. आधीच दही घातलं तर तासाभरात आंबट होतं.

किती खायचा हेही इथेच सांगून टाकावं, कारण किनोआ हलका समजून मोठ्ठी वाटी भरून घेतली जाते. १०० ग्रॅम कोरड्या किनोआत सुमारे ३७० कॅलरी असतात, तांदळाच्या जवळपास तेवढ्याच. प्रथिनं सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे तांदळाच्या दुप्पट, पण तुरीच्या डाळीत २२ च्या आसपास असतात. म्हणून किनोआ आला की वरण बंद, हा हिशोब चुकीचा. मधुमेह असेल तर यातही पिष्ट भरपूर आहे हे धरूनच वाटी भरा. तंतू जास्त असल्यानं सवय नसलेल्या पोटाला पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी शिजलेला पुरे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण किनोआत ऑक्झलेट असतं.

टप्पा ७: शिजवून ठेवणं

रविवारी दोन वाट्या शिजवून ठेवल्या तर आठवड्यातले तीन डबे सुटतात. फक्त गार करण्यात आळस नको. शिजवलेलं धान्य गरम जागी तासन्‌तास राहिलं की त्यात जंतू वाढतात आणि नंतर गरम करूनही त्यांचं विष जात नाही. परातीत पसरून गार करा आणि उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस चांगला राहतो. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडा. मे महिन्यात शाळा-ऑफिसच्या डब्याला दही घातलेला किनोआ देऊ नका, फोडणीचा द्या, आणि तोही पूर्ण गार करूनच झाकण लावा.

टप्पा ८: पीठ आणि आंबवण

डोसा-इडली. एक वाटी किनोआ, एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथ्या. किनोआ वरच्या पद्धतीनं धुऊनच भिजवा. डाळ-मेथ्या वेगळ्या आणि किनोआ-तांदूळ एकत्र, असे चार-पाच तास. वाटायचंच असल्यानं इथे जास्त भिजलं तरी चालतं, पण वाटताना भिजवलेलं पाणी वापरू नका, ताजं घ्या. मे महिन्यात पीठ पाच-सहा तासांत फुगून वर येतं, म्हणून रात्री दहाला वाटून ठेवलं तर पहाटे बघावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत बारा तास आणि उबेची जागा लागते. तांदूळ पूर्ण काढून टाकला तर इडली बसकी होते. डोशाला तवा मध्यम ठेवा, हे पीठ लवकर लाल होतं आणि आत ओलं राहतं.

भाकरी-थालीपीठ. विकतच्या किनोआ पिठात कडवटपणा असू शकतो, आणि पीठ धुता येत नाही. म्हणून चव घेऊन मगच मोठं पाकीट आणा. मंद आचेवर पाच मिनिटं भाजून घेतलं तर कच्चा वास जातो. घरी करायचं असेल तर धुतलेला किनोआ फडक्यावर पसरून कडक वाळवा. उन्हाळ्यात एक ऊन पुरतं, पावसाळ्यात हा उद्योग करूच नका. अर्धवट वाळलेल्याचं पीठ दोन दिवसांत कुबट होतं. मिक्सरमध्ये थोडं थोडं दळून चाळा. घरात कुणाला गहू वर्ज्य असेल तर चक्कीवर देऊ नका, आधीच्या गव्हाचं पीठ त्यात येतंच.

नुसत्या किनोआची भाकरी थापताना तुटते. ज्वारीचं पीठ तीन भाग, किनोआचं एक भाग, आणि पाणी उकळतं. चमच्यानं कालवून पाच मिनिटं झाका, मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळा. एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळा, मळून ठेवलेला गोळा दहा मिनिटांत कडेनं चिरतो. थालिपिठाला भाजणीच्या एक तृतीयांशापर्यंत किनोआ पीठ चालतं. त्याहून जास्त घातलं तर तव्यावर उलटताना तुकडे हातात येतात.